रिम, टायर आणि हवेचे सेन्सर एकाच फेरीत बदलायचे आहेत : दुकानात नेमके काय पाहावे?

वळणवाट

नमस्कार मंडळी. माझ्या फोर बाय फोर गाडीचे मूळ टायर २६५/६५ आर १७ मापाचे असून ते आता झिजत आले आहेत. कच्च्या वाटांवर आणि कोरड्या नदीपात्रांतल्या गोट्यांवर गाडी नेणे वाढल्यामुळे त्यांच्या जागी २६५/७० आर १७ मापाचे, जाड साइडवॉलचे (बाजूच्या भिंतीचे) ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या वाटांवर चालणारे टायर घ्यायचे मी ठरवले आहे. सोबत रिमही बदलणार आहे. जुनी रिम साडेसात इंच रुंद आणि ३० मिलिमीटर ऑफसेटची (ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा आणि रिम गाडीला टेकते ती जागा यांतले अंतर) आहे, तर नवी आठ इंच रुंद आणि २० मिलिमीटर ऑफसेटची आहे. दोन्हींना सहा नट लागतात आणि बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिलिमीटरच आहे.

खरी अडचण सेन्सरची आहे. प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडलेला, हवेचा दाब कळवणारा सेन्सर आहे आणि ते सगळे गाडीइतकेच, म्हणजे सहा वर्षांचे आहेत. ते काढून नव्या रिममध्ये बसवावेत की नवे घ्यावेत, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की, दुकानात काम चालू असताना कारागिराला आपल्यावर अविश्वास दाखवला जात आहे असे न वाटू देता कोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवावे?

धूळपाऊल

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देतो : काम चालू असताना फोन खिशात ठेवा, निम्मे लक्ष आपोआप जागेवर येते.

गंजका पाना

मी टायरच्या दुकानात बरीच वर्षे काम केलेले आहे, त्यामुळे कारागिराच्या बाजूने लिहितो.

सहा वर्षांचे सेन्सर नव्या रिममध्ये बसवू नका. या सेन्सरच्या आतली बॅटरी राळेत कायमची बंद केलेली असते, ती बदलता येत नाही, आणि तिचे आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षे असते. म्हणजे तुमचे सेन्सर आज चालू असले तरी नवे टायर अर्धे झिजण्याआधी त्यांतला एखादा मुका होईल, आणि तेव्हा त्या एका सेन्सरसाठी चाक काढणे, बीड मोडणे (म्हणजे टायरची रिमला घट्ट बसलेली कड सोडवणे), टायर उतरवणे, पुन्हा चढवणे आणि पुन्हा बॅलन्सिंग करणे हे सगळे नव्याने करावे लागेल. सेन्सर बदलण्याची सर्वांत स्वस्त वेळ टायर रिमवरून उतरलेला असतो तीच असते.

नवे घेताना दुकानात जाण्यापूर्वीच सेन्सर कोणत्या लहरीवर बोलतो ते तपासा. उत्तर अमेरिकेसाठी बनलेल्या पुष्कळ गाड्या ३१५ मेगाहर्ट्झवर ऐकतात, तर युरोपसाठी बनलेल्या गाड्या ४३३ वर. दोन्ही सेन्सर दिसायला सारखेच असतात आणि दोन्ही रिममध्ये सारखेच बसतात. चूक कळते ती पाचही टायर फुगवून, चाके लावून, गाडी खाली उतरवल्यावर.

तिसरी गोष्ट व्हॉल्व्हची. तुमचे सेन्सर अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याचे असतील, तर आतली हवा रोखणारी सुई निकेलचा मुलामा दिलेलीच हवी. साधी पितळी सुई घातली की पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना खाऊ लागतात, आणि दोन पावसाळ्यांनंतर ती सुई फिरवायला गेलात तर दांडा तुटून हातात येतो. वरचे टोपणही म्हणूनच प्लास्टिकचे ठेवावे. हौसेने बसवलेली धातूची चकचकीत टोपणे जागेवर कुजून घट्ट बसलेली मी पुष्कळ पाहिली आहेत.

मापाडी

रिमच्या आकड्यांवरून थोडे गणित मांडतो, कारण पुढचे निम्मे प्रश्न यातूनच निर्माण होतात.

मापातला पहिला आकडा म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. जुन्या टायरची साइडवॉल त्या २६५ च्या ६५ टक्के, म्हणजे १७२.२५ मिलिमीटर. तिची दुप्पट आणि १७ इंच रिमचे ४३१.८ मिलिमीटर मिळवले की व्यास ७७६.३ मिलिमीटर येतो. नव्या टायरचा व्यास याच रीतीने ८०२.८ मिलिमीटर येतो. म्हणजे गाडी जमिनीपासून जेमतेम १३ मिलिमीटरच उंच होईल, मात्र व्यास ३.४ टक्क्यांनी वाढेल. प्रत्यक्ष वेग जेव्हा १०३.४ असेल, तेव्हा गाडीचा हिशेब जुन्याच व्यासावर चाललेला असल्यामुळे काटा १०० च्या जागी असेल.

आता रिम. रुंदी अर्धा इंच वाढल्यामुळे दोन्ही कडा प्रत्येकी ६.३५ मिलिमीटर सरकतात, आणि ऑफसेट १० मिलिमीटरने कमी झाल्यामुळे सगळे चाक तितकेच बाहेर येते. बेरीज-वजाबाकी केली तर बाहेरची कड सुमारे १६ मिलिमीटर बाहेर येते, आणि आतली कड सस्पेन्शनपासून उलट चार मिलिमीटर दूर जाते. म्हणून आतल्या बाजूला, म्हणजे वरच्या आर्मला घासण्याची भीती नाही. घासलेच तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, बाहेरची कड मोठा कंस काढते तेव्हा, पुढच्या मडगार्डच्या मागच्या बाजूच्या अस्तराला घासेल.

शंकासुर

सगळ्यांचा उत्साह पाहून विचारण्याचे धाडस करतो : हे सेन्सर हवेतच कशाला? कच्च्या वाटेवर आपण मुद्दाम हवा कमी करतो, ३३ वरून १८-२० पीएसआयवर (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) येतो, आणि तो दिवा दिवसभर डोळ्यांसमोर जळत राहतो. जो दिवा नेहमीच जळतो त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मी गेली अनेक वर्षे खिशात ठेवायचा दाबमापक वापरतो, त्याला बॅटरी लागत नाही आणि तो कोणत्याही लहरीवर बोलत नाही.

उतारावरची

शंकासुर, दाबमापक माझ्याकडेही आहे आणि तो मी सोडणार नाही, पण तो फक्त गाडी थांबलेली असतानाच बोलतो.

गेल्या हिवाळ्यात गोट्यांच्या एका लांब उतारावर मी चारही टायर २० पीएसआयवर आणले होते. दिवा अर्थातच जळत होता. पण माझ्या गाडीत प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा दिसतो, आणि अर्ध्या वाटेवर पुढच्या डाव्या चाकाचा आकडा २० वरून १७ आणि थोड्या वेळाने १४ झाला. गाडी चालवताना मला कणभरही फरक जाणवला नव्हता, कारण मऊ टायरवर गाडी आधीच डुलत होती. उतरून पाहिले तर साइडवॉलजवळच्या गुट्ट्यांमध्ये (टायरच्या रबरी ठोकळ्यांमध्ये) दगडाची चीर गेलेली होती. तिथे थांबले म्हणून ती चीर बुजवता आली. आणखी थोडे पुढे गेले असते, तर बीड रिमवरून सुटून टायर आतल्या आत चिरडला गेला असता.

तेव्हा तुमचा आक्षेप नुसत्या पिवळ्या दिव्यापुरता मान्य, आकडे दाखवणाऱ्या यंत्रणेबाबत अमान्य.

शंकासुर

आकडे दिसत असतील तर मी अर्धे पाऊल मागे घेतो. माझ्या गाडीत नुसता दिवाच आहे, आणि तोही चाकात सेन्सर नसलेला.

मापाडी

म्हणजे तुमची यंत्रणा अप्रत्यक्ष प्रकारची आहे. ती हवा मोजतच नाही. हवा कमी झालेल्या चाकाची फिरती त्रिज्या किंचित घटते आणि ते इतरांपेक्षा थोडे जास्त फिरते, हे ती एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, वेगमापकांवरून ओळखते. तुम्ही चारही चाकांची हवा सारखीच कमी केली, की तुलनेला काही उरत नाही आणि ती गोंधळते. टायर बदलल्यावर अशा गाडीत सेन्सरचा खर्च नसतो, फक्त दाब बरोबर करून यंत्रणेला नव्याने शून्यावर आणावे लागते.

अवांतर, पण विषयाला धरून : अमेरिकेत सन २००० मध्ये कायदा झाला तो टायरचा ट्रेड (रस्त्याला टेकणारा थर) सुटून उंच गाड्या उलटल्याच्या अपघातांनंतर, आणि १ सप्टेंबर २००७ पासून बनणाऱ्या सर्व हलक्या गाड्यांना तिथे ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपीय संघात सर्व नव्या प्रवासी गाड्यांसाठी १ नोव्हेंबर २०१४ ही तारीख होती. अमेरिकी नियमात दिवा लागण्याची मर्यादा ठरवून दिलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली आहे. ही टक्केवारी लक्षात ठेवा, धागाकर्त्यांच्या टायरसाठी ती पुन्हा लागणार आहे.

निवांत

वळणवाट, तुम्ही घेत आहात ते टायर साध्या प्रवासी वर्गाचे आहेत की एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या वर्गाचे? याच मापात दोन्ही मिळतात आणि दुकानदार बहुधा जे शिल्लक असेल तेच उत्तम असल्याचे सांगतो.

वळणवाट

एलटी, ई श्रेणी. साइडवॉलवर १२१/११८ असा आकडा आहे. जुन्या टायरवर ११२ होता, त्यामुळे नवे कितीतरी मजबूत असल्याचा मला आनंद झाला होता. आता तुमच्या प्रश्नाचा सूर पाहून आनंद आवरता घेत आहे.

मापाडी

आनंद आवरू नका, पण अर्धाच ठेवा. भारांक ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो आणि १२१ म्हणजे १४५० किलो, हे खरेच आहे. मात्र प्रवासी वर्गाचा टायर आपला पूर्ण भार साधारण ३५-३६ पीएसआयला उचलतो, आणि ई श्रेणीचा एलटी टायर त्याचे १४५० किलो ८० पीएसआयला उचलतो. दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या ३३ पीएसआयवर तोच टायर जुन्या टायरपेक्षा कमी भार पेलतो. म्हणून टायर बनवणाऱ्या कंपनीचा भार आणि दाब यांचा तक्ता पाहून, जुन्या टायरइतका भार पेलायला किती हवा लागते ते शोधावे लागते, आणि उत्तर काही पीएसआयने वरचेच येते.

समजा ते ४० आले. आता मघाची टक्केवारी. गाडीचा संगणक अजूनही ३३ च धरून बसला आहे, त्यामुळे दिवा ३३ च्या २५ टक्के खाली, म्हणजे २५ पीएसआयच्या आसपास लागेल. तुमच्या टायरच्या दृष्टीने तेव्हा हवा ३८ टक्के कमी झालेली असेल. थोडक्यात, सेन्सर कितीही नवा असला तरी इशारा शिळा मिळेल. काही गाड्यांमध्ये ही मर्यादा गाडीच्या संगणकाला जोडायच्या निदानयंत्राने बदलता येते, तेव्हा दुकानात ते यंत्र आहे का आणि तुमच्या गाडीला ते मर्यादा बदलू देते का, हे आधी विचारा.

गंजका पाना

मापाडी यांचा हा मुद्दा दुकानांतही फार थोड्यांना ठाऊक असतो. आम्ही दाराच्या चौकटीवरचा आकडा वाचायचो, तेवढी हवा भरायचो आणि गाडी सोडून द्यायचो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

यात एक भर. एखाद्या चाकात सेन्सर न घालता रबरी व्हॉल्व्ह बसवायचा झाला, तर साध्या खेचून बसवायच्या व्हॉल्व्हची मर्यादा ६५ पीएसआय असते. ई श्रेणीच्या टायरमध्ये पुढेमागे सामान लादून त्याहून जास्त हवा भरण्याचा विचार असेल, तर जास्त दाबाचा व्हॉल्व्ह मागून घ्या.

आटेदार

सेन्सरवर एवढी चर्चा झाली आणि नटांबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही, म्हणून मध्ये पडतो. चाक गाडीला धरून ठेवण्याचे काम शेवटी तेच करतात.

सर्वांत आधी नटाची बैठक पाहा. कारखान्याच्या काही अलॉय रिमना सपाट वॉशरचे, लांब मानेचे नट लागतात, तर बाजारातल्या बहुतेक ऑफ-रोड रिमना ६० अंशांचे निमुळते. सपाट नट निमुळत्या भोकात घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो केवळ कडेवर टेकलेला असतो आणि थोड्याच अंतरात ढिला होतो. रिमच्या मधल्या, हबवर (चाक ज्यावर बसते त्या भागावर) बसणाऱ्या भोकाचेही तसेच आहे. नव्या रिमचे भोक सहसा मोठे असते, त्यामुळे चाक हबवर न बसता नटांवर मध्यभागी येते. म्हणून पहिले आटे हाताने फिरवावेत, गाडी हवेत असतानाच नट समोरासमोर, चांदणीच्या क्रमाने बसवावेत आणि मगच खाली घेऊन टॉर्क पान्याने शेवटचा ताण द्यावा. या आकाराच्या पुष्कळ गाड्यांचा आकडा १०० ते १५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण अंदाज न करता तो पुस्तिकेतूनच घ्यावा.

हवेची गन नट आणून बसवायला ठीक, ताण द्यायला नाही. माझ्या जुन्या गाडीचे नट एका दुकानात गनने असे कचकावून आवळले होते की, पुढे पंक्चर झाल्यावर भर उन्हात पान्यावर उभा राहिलो तरी चार हलले नाहीत, आणि पाचव्याचा स्टड (नट ज्यावर फिरतो तो दांडा) आट्यांसकट तुटून हातात आला. त्या दिवसापासून मी दुकानात टॉर्क पान्याचा टिक्‌ असा आवाज मोजतो. सहा नटांचे सहा आवाज.

आट्यांना तेल लावू देऊ नका. घर्षण कमी झाल्यामुळे तितक्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. तेलाऐवजी हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करवून घ्या, कारण रिम आणि हब यांच्यात गंजाचा पापुद्रा राहिला, तर तो चिरडला जाऊन नट ढिले पडतात. आणि ८० ते १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा ताण तपासा.

सावली

आटेदार, तुमच्या नियमाप्रमाणे आवाज मोजत उभी राहिले तर आमच्याकडचा कारागीर मुद्दाम सातवा टिक्‌ काढून दाखवील.

वळणवाट यांना माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही स्टेपनीचे काय करणार आहात? फोर बाय फोर गाडीला एक चाक जरी वेगळ्या व्यासाचे लागले, तरी डिफरन्शियलला (चाकांचा वेगफरक सांभाळणाऱ्या गिअरसंचाला) सतत फरक भरून काढावा लागतो, आणि चारही चाकांना जोर दिलेल्या स्थितीत तो भार ट्रान्सफर केसवर (पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो. पाचवा टायर त्याच मापाचा असणे म्हणजे चैन नव्हे.

वळणवाट

टायर पाच घेत आहे, रिम मात्र चारच. पाचवा टायर जुन्या रिमवर, त्यातल्याच जुन्या सेन्सरसह चढवून स्टेपनीच्या जागी ठेवायचा विचार आहे. एरवी लोंबकळणाऱ्या चाकासाठी नवी रिम घेणे जिवावर आले.

गंजका पाना

चालेल. स्टेपनीतला सेन्सर दमला तर तो एकच बदलावा लागेल.

आता यंत्रावरच्या कामाबद्दल. बीड मोडणारा फाळ टायरच्या बाजूवर दाबला जातो, तेव्हा व्हॉल्व्ह त्याच्यापासून दूर असला पाहिजे. तो फाळाखाली आला, तर आतला सेन्सर बिस्किटासारखा तुटतो आणि आवाजही येत नाही. जुना टायर उतरवताना नेमकी हीच चूक होते, कारण जुन्याची कोणाला पर्वा नसते. तुम्ही तर जुना सेन्सर स्टेपनीत ठेवणार आहात, तेव्हा त्या एका चाकाला ही काळजी नव्या चाकांपेक्षा जास्त घ्यायला सांगा.

एलटी टायरची साइडवॉल ताठ असते, त्यामुळे बीड रिमवर बसवताना कारागिराचा हात हवेच्या नळीवर रेंगाळतो. बीड ४० पीएसआयपर्यंत बसला नाही, तर हवा सोडून, बीडला लावायचा निसरडा लेप पुन्हा लावून, टायर फिरवून परत प्रयत्न करायचा असतो. ४० च्या पुढे रेटणारा कारागीर दिसला, तर अविश्वास वाटेल याची पर्वा न करता चार पावले मागे सरका.

निवांत

टायरवर लाल आणि पिवळे ठिपके असतात. पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी आणावा असे मी ऐकले होते, आमच्या दुकानदाराने मात्र तो पुसूनच टाकला.

गंजका पाना

पिवळा ठिपका टायरची सर्वांत हलकी बाजू दाखवतो, आणि व्हॉल्व्ह सेन्सरसह रिमची जड बाजू असते, म्हणून दोन्ही एकत्र आणले की बॅलन्सिंगसाठी चिकटवायचे शिसे कमी लागते. लाल ठिपका टायरचा उंचवटा दाखवतो आणि रिमवर सखल जागेची खूण असेल तर तो तिच्याशी जुळवतात. तशी खूण असेल तर लाल ठिपका आधी पाहायचा, नसेल तर पिवळा. गुट्टीदार टायर मुळातच जड, त्यामुळे जुळवणी केली तरी शिशाची पट्टी लांब लागू शकते. ती फार लांब होत असेल, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगावे. चांगले दुकान याला नाही म्हणत नाही.

शंकासुर

टायरवरची पांढरी अक्षरे बाहेर ठेवायची की आत, यावर अजून भांडण झालेले नाही, याची नोंद घ्यावी.

उतारावरची

आत. चिखलात धुऊन धुऊन ती पिवळी पडतात, आणि पंचवीस वर्षे न घासलेल्या दंतपंक्तीसारखी दिसतात. शिवाय ऑल-टेरेन टायरची साइडवॉल दोन्ही बाजूंना वेगळी असेल, तर कोणत्या बाजूच्या गुट्ट्या दगडाला तोंड देणार आहेत ते आधी पाहावे, अक्षरे नंतर.

वळणवाट, गाडी दुकानातून बाहेर काढण्यापूर्वी एक करून घ्या. एक पुढचे चाक रॅम्पवर किंवा उंच ठोकळ्यावर चढवा, सस्पेन्शन दबू द्या आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा. सपाट फरशीवर जो टायर कुठेही लागत नाही, तो असे केल्यावर अस्तर घासताना दिसतो. घासत असेल तर ते दुकानातच कळलेले बरे.

आटेदार

आणि तारीख पाहा. साइडवॉलवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. १४२४ म्हणजे २०२४ चा चौदावा आठवडा. पाचही टायर आतबाहेर उलटून पाहा, कारण हा चार आकड्यांचा भाग बहुधा एकाच बाजूला असतो, आणि टायर चढल्यावर ती बाजू नेमकी आत जाते.

वळणवाट

सर्वांचे आभार. काल काम झाले, त्याचा वृत्तांत देतो.

टायरच्या तारखा एकमेकांपासून तीन आठवड्यांच्या आत निघाल्या. कारागीर तरुण होता, मी प्रश्न विचारल्यावर रागावला नाही, उलट हबवरचा गंज घासून दाखवला आणि टॉर्क पान्याचे चोवीस टिक्‌ मला मोजू दिले. सावली यांची भविष्यवाणी खोटी ठरली. नव्या रिमसाठी निमुळते नट घेतले. रॅम्पवर चढवून पाहिल्यावर उजव्या चाकाने अस्तराला अगदी हलका स्पर्श केला. अस्तर गरम हवेने मऊ करून मागे दाबले, आता लागत नाही. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे माझ्या गाडीचा दाब ३९ आला, तो भरला. मर्यादा बदलण्याची सोय मात्र त्यांच्या निदानयंत्रात माझ्या गाडीसाठी नव्हती.

नव्या सेन्सरचे क्रमांक गाडीला शिकवले, पडद्यावर चारही आकडे दिसू लागले आणि मी आनंदाने घरी आलो. आज सकाळी गाडी चालू केल्यावर हवेचा दिवा मिनिटभर उघडझाप करत राहिला आणि मग स्थिर जळू लागला. चारही आकडे ३८ ते ३९ आहेत. दाबमापकही तेच सांगतो. हा काय प्रकार आहे?

मापाडी

उघडझाप हीच गुरुकिल्ली आहे. हवा कमी असती तर दिवा सुरुवातीपासून स्थिर जळाला असता. आधी साठ ते नव्वद सेकंद उघडझाप आणि मग स्थिर, याचा अर्थ यंत्रणेतच बिघाड आहे, म्हणजे एखाद्या सेन्सरचा संदेश येत नाही. चारही आकडे दिसत असतील, तर तुमची गाडी पाचवा शोधत आहे.

गंजका पाना

स्टेपनी. फाळाखाली सेन्सर गेला की काय?

वळणवाट

आत्ताच खाली वाकून पाहून आलो. स्टेपनीला काळा रबरी व्हॉल्व्ह आहे. जुन्या रिमवर धातूचा होता. दुकानात फोन केला. स्टेपनीला सेन्सर लागत नाही असे समजून त्यांनी तो काढला, साधा व्हॉल्व्ह बसवला, आणि सेन्सर जुन्या टायरांबरोबर बाजूला ठेवला. तो अजून त्यांच्या टेबलावर आहे आणि यंत्राला प्रतिसादही देतो. उद्या घेऊन जायला सांगितले आहे, मोबदला घेणार नाहीत.

आटेदार

उद्या जाताच आहात, तर आणखी एक पाहा. तुमची स्टेपनी कारखान्याच्या जुन्या रिमवर आहे. तिला जुने सपाट वॉशरचे नट लागतील, आणि गाडीवर आता निमुळते आहेत. जुने नट कुठे आहेत?

वळणवाट

दुकानातच.

आटेदार

सहा तरी परत आणा आणि पिशवीत घालून जॅकच्या शेजारी ठेवा. नाहीतर अंधारात पंक्चर झाले, की हातात चाक असेल आणि ते लावायला नट नसतील.

वळणवाट

आणले. सेन्सर नव्या रबरी गॅस्केटसह आणि निकेलच्या सुईसह परत बसला, दिवा विझला. सहा नट कापडी पिशवीत जॅकला बांधले आहेत. ९० किलोमीटर झाल्यावर टॉर्क पाना लावून पाहिला, तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट टिक्‌ होण्यापूर्वी थोडे फिरले, बाकीचे जागच्या जागी होते.

धूळपाऊल

सगळे उत्तम झाले. फक्त एक सांगा, स्टेपनीचा व्हॉल्व्ह बदलला जात होता तेव्हा तुमचा फोन कुठे होता?

वळणवाट

नव्या चाकांचे फोटो काढत होता.